तीट लावलेला नकाशा

बहात्तरच्या दुष्काळात मी पाथर्डी तालुक्यातल्या एका गावात आरोग्याचं काम करत होते. वय बावीस, नर्सिंगचं शिक्षण नुकतंच संपलेलं, आणि रजिस्टर नीट ठेवण्याचा भारी सोस. रेघा पट्टीनेच मारायच्या, एक खाडाखोड झाली तरी पान पुन्हा लिहायचं. आई म्हणायची, "हिला नवरा नको, फूटपट्टी बघा." ती थट्टेने म्हणायची, पण तिचं फारसं चुकत नव्हतं.

आमच्या डॉक्टरबाई दर पंधरा दिवसांनी नगरहून जीपने यायच्या. पाच वर्षांच्या आतलं कोणतं मूल खंगत चाललंय ते शोधायचं आणि त्याला रोज एक पेला दूध द्यायचं, एवढंच काम. दुधाची पावडर मोजकी होती. त्यामुळे कोणाला द्यायचं नि कोणाला नाही, हे ठरवावंच लागे. वजनकाटा होता, पण बाया त्यात लेकरू टांगू देत नसत. वजन केलं की दृष्ट लागते, असं त्यांचं म्हणणं. दर मंगळवारी चावडीवर मुलं मोजायची असत; दोन मंगळवार मी काट्यापाशी उभी राहून समजावलं, चिडले, एकदा तर रागाने काटा खाली आपटला. उपयोग शून्य.

मग डॉक्टरबाईंनी आठवडी बाजारातून प्लास्टिकची एक चिमुकली बांगडी आणली. पट्टीने मोजून घेतलेली, आतून बरोबर चार सेंटिमीटर. मुलाच्या हातात घालायची आणि वर सरकवायची. कोपराच्या खाली अडकली तर मूल बरं आहे. कोपर ओलांडून दंडावर गेली तर खंगलंय. बांगडी घालून बघायला कोणाच्याच आईची हरकत नव्हती.

गावची सुईण माझ्या मदतीला असे. सगळे तिला मावशी म्हणत, मीही म्हणू लागले. तिला अक्षर येत नव्हतं, पण कोणत्या घरात कोण कधी जन्मलं हे तोंडपाठ. तिला कळावं म्हणून मी तपकिरी कागद चिकटवून गावाचा मोठा नकाशा काढला आणि चावडीच्या भिंतीवर लावला. प्रत्येक घर म्हणजे एक चौकोन. खंगलेल्या मुलासाठी लाल ठिपका द्यावा म्हणून मी कुंकू कालवायला घेतलं, तशी मावशी भडकली.

"कुंकू वाईटाला लावतेत व्हय, बाई? काजळाची तीट लावा. दृष्ट तरी उतरंल."

मला हसू आलं, पण तिचं ऐकलं. खंगलेल्या मुलाच्या घरावर तीट, बऱ्या मुलाच्या घरावर हळदीचा ठिपका. मूल सुधारलं की ओल्या फडक्याने तीट पुसायची, तिथे हळद लावायची आणि त्याचा पेला पुढच्या मुलाला द्यायचा. फडकं मावशीकडे असे. तीट पुसताना ती दरवेळी तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटायची, ते काय होतं हे मी कधी विचारलं नाही.

आया दिवसभर रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात. त्यामुळे मंगळवारी चावडीवर लहान भावंडांना घेऊन यायच्या त्या बहिणी. दोन महिन्यांत नकाशा पिवळा होऊ लागला. डॉक्टरबाई खूश झाल्या आणि मी तर हवेतच होते. इतका स्वच्छ नकाशा आसपासच्या कोणत्याच गावाचा नाही, असं मीच मला सांगत असे.

त्या बहिणींत एक मुलगी होती. डोंगराच्या अंगाला शेवटचं घर तिचं. दीड वर्षाच्या भावाला कडेवर घेऊन ती नेमाने यायची. ती इतकी लहान, की भावाचे पाय तिच्या गुडघ्यांपर्यंत लोंबत. माझी बांगडी दिसली की न सांगता ती त्याचा हात मनगटाला धरून पुढे करायची. एका मंगळवारी बांगडी त्याच्या कोपराच्या खालीच अडकली.

"भाऊ बरा झाला बरं का तुझा," मी म्हणाले. "आईला सांग."

तिने मान हलवली आणि भावाला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं. तेव्हा तिचा दंड मला दिसला. त्यावर जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची एक बांगडी होती, जत्रेतून घेतात तसली.

"बांगडी एवढी वर का गं?"

"खाली गळती," ती म्हणाली.

मी तिला जवळ घेतलं आणि माझी बांगडी तिच्या हातात घालून वर सरकवली. ती कुठे अडलीच नाही, थेट काखेपर्यंत गेली. मावशीला वय विचारलं. ती म्हणाली, "ही व्हय? पाडव्याला चार सरली की."

चार. म्हणजे पाचाच्या आतली. म्हणजे माझ्या रजिस्टरात असायला हवी होती. दोन महिने दर मंगळवारी ती माझ्यापासून हातभर अंतरावर उभी होती. आम्ही कडेवरची मुलं मोजली, ज्यांच्या कडेवर ती बसून आली त्यांना मोजलं नाही. आयांनी सांगितलं नाही, कारण चालती-फिरती, काम करणारी पोर मोजायला आणायची असते हे कोणाच्या मनातच आलं नाही. माझ्याही आलं नाही. मला फार लाज वाटली.

पुढचे चार दिवस मावशी आणि मी घरोघरी हिंडलो. पाणी भरणाऱ्या, शेण गोळा करणाऱ्या, पाळण्याला झोके देणाऱ्या पोरींना थांबवून बांगडी घालून बघितली. नकाशावर तिटाच तिटा झाल्या. विहिरीवाल्या बागाईतदाराच्या घरावरही एक पडली. तिथली म्हातारी चावडीवर येऊन तणतणली, "आमच्या घरी दूधदुभतं हाय, आमच्या घराला काळं लावता?" मावशीने तिला तोंडावर सांगितलं, "दूध हाय, पर पोरीच्या पेल्यात न्हाई." म्हातारी आली तशी गेली. दुसऱ्या दिवशी तिची नात लोणी खाताना दिसली, असं मावशीने मला रंगवून सांगितलं.

डॉक्टरबाई आल्या आणि नकाशासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या.

"इतके दिवस कुठे होत्या ह्या?" त्यांनी विचारलं.

"माझ्यासमोर," मी म्हणाले.

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. पुढच्या खेपेला त्या पावडरीची आणखी दोन पोती घेऊन आल्या आणि म्हणाल्या, एवढ्यावरच भागवा.

डोंगराकडची ती मुलगी रोज दूध प्यायला येऊ लागली. पेला दोन्ही हातांनी धरून, डोळे मिटून, एका दमात प्यायची. अर्धा पेला भावासाठी नेऊ का, असं तिने पहिल्या दिवशी विचारलं. मी जरा दरडावूनच नाही म्हटलं. हळूहळू तिचे गाल भरले. उन्हाळा संपता संपता तिची जर्मनची बांगडी दंडावरून खाली आली आणि मनगटावर राहू लागली.

त्या मंगळवारी खडीचं काम बंद होतं, म्हणून तिची आई सोबत आली होती. प्लास्टिकची बांगडी पोरीच्या कोपराच्या खाली, अगदी जेमतेम अडकली. मी आनंदाने म्हणाले, "बघा, सुधारली पोर तुमची."

आईच्या तोंडावर हसू आलं नाही. तिने हळूच विचारलं, "मंग आता हिचं दूध बंद व्हनार का, बाई?"

पोर आमच्या दोघींकडे बघत होती. "पुढच्या मंगळवारी परत बघू," असं म्हणून मी वेळ मारून नेली. नियम माझाच होता. यादीत दुधाची वाट बघणारी आणखी पाच मुलं होती, आणि त्यांतल्या तिघी पोरीच.

पुढच्या मंगळवारी ती एकटी आली, कडेवर भाऊही नव्हता. मी बांगडी काढायच्या आतच तिने आपला हात माझ्यापुढे केला, पूर्वी भावाचा करायची तसाच.

"बगा," ती म्हणाली. "माझी वर गेली."

जर्मनची बांगडी तिच्या कोपराच्या वर होती. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी सोलली होती, एका ठिकाणी रक्त सुकलं होतं. बांगडी दंडात रुतली होती आणि पुढचा हात सुजला होता. ती मात्र रडत नव्हती, माझ्या तोंडाकडे बघत होती.

मावशीने घरातून तेल आणलं. आम्ही दोघींनी मिळून, फुंकर घालत, पाव तास खपून बांगडी खाली उतरवली. मग मी रजिस्टर उघडलं. तिच्या नावापुढे 'कोपराच्या वर' असं लिहिलं. अक्षर नीट आलं नाही, पण पान पुन्हा लिहिलं नाही. यादीतल्या त्या पाच जणांना कुठून दूध द्यायचं हे मला ठाऊक नव्हतं.

मावशी ओलं फडकं घेऊन नकाशापाशी उभी होती. तिने विचारलं, "पुसू का हिची?"

"राहू द्या, मावशी," मी म्हणाले. "दृष्ट लागेल."