पाठीवरचा बासमती

"आधी डोकी मोजा," असं म्हणून ते तर्जनी उभी करायचे आणि समोरच्या प्रत्येकावर ती रोखत पुटपुटायला लागायचे. लिफ्टमध्ये मोजायचे, वाढदिवसाच्या पार्टीत मोजायचे. आमच्या गणपतीला आले, तेव्हा आरती चालू असताना मोजत होते. शेवटी स्वतःच्या छातीवर बोट टेकवून "आणि मी" म्हटलं की काम फत्ते.

दोह्यातल्या एका बांधकाम कंपनीत ते सेफ्टी ऑफिसर होते, आणि त्याच ऑफिसात मी कागदपत्रं सांभाळायचे. शिवाय बिन महमूद वस्तीत आमची राहायची इमारतही एकच. आम्ही पहिल्या मजल्यावर, ते सहाव्या. त्यामुळे दिवसातून चार वेळा तरी माझं डोकं मोजलं जायचं. तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेलच. नसेल तर तुम्ही सुखी आहात, पण जरा कमनशिबी.

ते मूळचे वसईचे, लाटांच्या आवाजात वाढलेले. दोह्याच्या समुद्रावर त्यांचा फार राग. "हा काय समुद्र? बशीत ओतलेला चहा! हूं नाही की चूं नाही."

नव्वदच्या दशकाच्या शेवटी साइटवरचा एक आयरिश इंजिनिअर नोकरी सोडून गेला आणि टेबल आवरताना एक माहितीपत्रक त्यांच्या हातात ठेवून गेला. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, अटलांटिकच्या काठाने, गाईडबरोबर सात दिवस पायी हिंडायची सहल. फोटोत काळेकभिन्न कडे, खाली फुटणाऱ्या लाटा आणि वर रेनकोट घातलेली मुंगीएवढी माणसं. त्या फोटोने लीडरना झपाटलं. (लीडर हे नाव आम्ही पुढे पाडलं, पण आतापासून वापरते.) साठी झाली की कंपनी घरी पाठवणार होती, आणि एकदा वसईला गेलं की मग कसलं आयर्लंड? तिथे नातवंडं, विहिरीचा पंप आणि चुलतभावाशी बांधावरचं भांडण वाट बघत होतं. म्हणजे जायचं तर साठीच्या आत.

"वसईला काय समुद्र नाही?" त्यांची बायको म्हणायची. आम्ही तिला आंटी म्हणायचो. ती नर्स होती आणि कुणाचंही फारसं मनावर घ्यायची नाही. "तिथे चाला. गाईड म्हणून मी येते."

पत्रकात लिहिलं होतं : चढ-उतार भरपूर, पाठीवर सामान, पाऊस केव्हाही. दोह्यात यातलं काहीच मिळत नाही. म्हणून लीडरनी पाठीवरच्या पिशवीत दहा किलो बासमतीचं पोतं घातलं आणि आमच्या इमारतीचा जिना चढायला-उतरायला सुरुवात केली. रोज संध्याकाळी, पाच वेळा.

आमचे वॉचमन चाचा बांगलादेशचे. आठवडाभर त्यांनी हे पाहिलं आणि मग मला हळूच बाजूला घेतलं. "दीदी, साहब रोज चावल ऊपर ले जाते हैं, रोज नीचे लाते हैं. मॅडम को पसंद नहीं आता क्या?"

पावसाची तालीम गच्चीवर झाली. लीडर रेनकोट घालून उभे, समोर टेबलफॅन, आणि आंटीच्या हातात गाडी धुवायचा पाइप. तीस वर्षांच्या संसारातलं सगळं काही त्या बाईने त्या दहा मिनिटांत वसूल केलं असावं. "अजून जोरात?" ती विचारत होती, आणि पाण्याखालून उत्तर येत होतं, "थोडं डावीकडून! तिकडे वारा डावीकडून असतो!"

मग शुक्रवार. ऊन उतरलं की आम्ही बाराजण तीन गाड्यांतून दुखानच्या बाजूला किनाऱ्यावर चालायला जायचो. मला चालण्याचा लहानपणापासून तिटकारा. मी गेले ते आंटीच्या डब्यासाठी. निघण्याआधी सगळ्यांनी साइटवरची चमकती जाकिटं घालायची आणि गोल करून उभं राहायचं. डोकी मोजून झाली की प्रश्न यायचा, "आजचा धोका काय?"

"उंट," माझा नवरा म्हणायचा.

"बरोबर. अजून?"

"उशिरा मिळणारा डबा," मी म्हणायचे. हेही ते वहीत लिहून घ्यायचे.

त्या किनाऱ्यावर एका ठिकाणी गुडघ्याएवढा खडक आहे. पत्रकातला तिसरा दिवस, म्हणजे कड्यांचा, आम्ही तिथे साजरा करायचो. लीडर शिट्टी फुंकायचे. "कडा! काठापासून तीन फूट आत! वाऱ्याचा भरवसा नाही!" आमचा मुलगा त्या कड्यावरून उडी मारून खाली उभा राहायचा आणि म्हणायचा, "अंकल, इट्स जस्ट अ स्टेप!" लीडर त्याला परत वर बोलवायचे आणि नीट, पाठमोरा उतरायला लावायचे.

पहिल्या वर्षी प्लांट बंद ठेवून दुरुस्ती निघाली आणि रजा रद्द झाली. दुसऱ्या वर्षी मुलीचं लग्न निघालं. तिसऱ्या वर्षी सगळं जुळलं, व्हिसासाठी कंपनीचं पत्र मिळालं, आणि गुडघा सुजला. डॉक्टर म्हणाले, जिने बंद. साठीला तेव्हा दोन वर्षं उरली होती.

पुढच्या शुक्रवारी आम्हाला सहाव्या मजल्यावर जेवायला बोलावणं आलं. मटण बिर्याणी होती. शीत न् शीत मोकळं, काय तो सुवास! दुसरा घास घेताना माझ्या लक्षात आलं की हा तोच तांदूळ. तीन वर्षं जिने चढून-उतरून मुरलेला.

"घ्या ना," लीडर म्हणाले. "जुना आहे. चांगला लागेल."

खरं सांगते, इतकी चांगली बिर्याणी मी इतक्या दुःखाने कधी खाल्ली नाही. त्या दिवशी त्यांनी डोकी मोजली नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी कोपऱ्यावरच्या दुकानातून बासमतीची पाच किलोची पिशवी आणली आणि चाचांच्या हाती वर पाठवली. सोबत चिठ्ठी : "गुडघ्याला झेपेल एवढंच." चाचा खाली आले ते कपाळाला हात लावून. "दीदी, फिर शुरू?"

पिशवी आंटीने घेतली होती. तिने ती हातात तोलून पाहिली, कपाटातून गुडघ्याचा पट्टा काढला आणि नवऱ्यापुढे दोन्ही ठेवून फर्मान काढलं, "सूज उतरेपर्यंत हात लावायचा नाही. मग चढताना जिना, उतरताना लिफ्ट. आणि दोनच वेळा." हे तिनेच मला नंतर सांगितलं, जरा रागावल्यासारखं करून.

आणि साठीच्या आदल्या एप्रिलमध्ये लीडर खरंच गेले. एकटेच, कारण आंटीला रजा मिळाली नाही.

त्या शुक्रवारी आम्ही अकराजण आमच्या कड्याजवळ उभे होतो, तेवढ्यात आंटीचा मोबाइल वाजला. तिने स्पीकर लावून तो गाडीच्या बॉनेटवर ठेवला.

"डोकी मोजा," पलीकडून आवाज.

मी मोजली. "अकरा."

"बारा. मला धरा. आता गप्प राहा आणि ऐका."

आम्ही ऐकलं. घर्रर्र, खटक, घर्रर्र. मिक्सरमध्ये खोबरं वाटावं तसं. वारा होता, लाट होती की नुसती लाइन खराब होती, देव जाणे. आमच्यासमोर बशीतला समुद्र निपचित पडला होता.

"ऐकू आला का?"

"काय आवाज आहे हो!" माझा नवरा ओरडला. सगळ्यांनी माना डोलावल्या, टेलिफोनपुढे. आंटी बॉनेटवर वाकून म्हणाली, "आला हो, ऐकू आला. काठापासून तीन फूट आत उभे राहा." माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते लपवायचं मला काही कारण वाटलं नाही.

परत आल्यावर त्यांची एकच तक्रार. "गाईड चांगला होता, पण डोकी मोजत नव्हता. पहिल्या दिवशीच मी सुरू केलं." पाच किलो तांदूळ त्यांनी पाठीवर नेलाच होता. तो नसला की तोल जातो म्हणे. शेवटच्या मुक्कामी खानावळीच्या स्वयंपाकघरात शिरून त्यांनी तो शिजवला आणि सगळ्या गोऱ्यांना पुलाव खाऊ घातला.

मग साठी झाली. विमानतळावर त्यांनी सामान मोजलं, आम्हाला मोजलं, शिट्टी माझ्या हातात ठेवली आणि आंटीला घेऊन वसईला गेले.

पुढच्या शुक्रवारी आम्ही जाकिटं घालून गोल उभे राहिलो. मी बोट उभं केलं. नऊ, आणि मी. दहा.

कुणी निघेचना.

"बारा म्हण," नवरा म्हणाला. "नाहीतर ते वसईहून ओरडतील."

मी बारा म्हटलं, शिट्टी फुंकली, आणि आम्ही चालायला लागलो.