धाकूच्या छातीतला ठोका

नाटे गावच्या कातळसड्यावरच्या आंब्याच्या कलमांना मोहोर आला की बागवाल्यांना धाकूची आठवण व्हायची. उंच फांदीवर चढून तुडतुड्या किडीवर औषध मारणारा दुसरा कोणी गावात उरला नव्हता. बरोबरीचे सगळे मुंबईला. फवारणीच्या पंपाचं नोझल तुंबलं की तो तोंड लावून फुंकायचा. सगळेच फुंकतात.

त्या दिवशी तो दुपारीच घरी आला आणि ओटीवर बसला तो बसलाच. तोंडातून लाळ गळत होती, अंग घामाने निथळत होतं, डोळ्यांतल्या बाहुल्या मोहरीएवढ्या झाल्या होत्या. त्याच्या बायकोला, सीताला, आधी वाटलं ढोसून आलाय. पण वास औषधाचा होता.

“राखणदार देवाच्या कलमावर औषध मारलान असणार, कोपलाय तो,” धाकटा दीर भिकाजी म्हणाला. “वैनी, आधी गाऱ्हाणं घालूया.”

“दवाखान्यात नेऊया, भावजी.”

“डाक्टरीण झालीस काय गो? नारळ द्यायला कितीसा वेळ!”

सीता पदराने धाकूची लाळ पुसत राहिली. भिकाजी नारळ देऊन येईपर्यंत धाकू आडवा झाला होता. तिने त्याच्या छातीवर हात ठेवला. तिचं स्वतःचं काळीज धडधडत होतं. त्याचं थांबत थांबत, नको असल्यासारखं चाललं होतं. मग तिने कोणाचं ऐकलं नाही. शेजारच्या अनिलची रिक्षा बोलावली.

डॉक्टरांनी नाडी पाहून घाईने इंजेक्शन भरलं. “हृदयाकडे दोन प्रकारच्या नसा जातात. एक पळवते, एक आवरते. आपण न सांगता, झोपेतसुद्धा. या विषामुळे आवरणारीची पकड सुटत नाही. उशीर केलात, ताई.”

थोड्या वेळाने ठोका वाढला. सीताला हायसं वाटलं. डॉक्टरांचा चेहरा तसाच होता.

“विष अंगातच आहे. इंजेक्शन उतरलं की ती नस पुन्हा धरेल. रत्नागिरीला हलवा.”

रुग्णवाहिकेत नर्सने वाटेत दोनदा सुई टोचली. दोन्ही वेळा ठोका उठला, दुसऱ्यांदा जरा कमी. पूर्णगडचा पूल गेला तसे ठोके पुन्हा लांब लांब पडू लागले. तिसरी सुई टोचली. सीता छातीवरच्या तळव्याखाली ठोक्याची वाट पाहत राहिली. काहीच आलं नाही.

नर्सने तिचा हात बाजूला सारला आणि दोन्ही हातांनी छाती दाबायला घेतली.

“वैनी, दादा कसा हाय?” भिकाजीने पुढच्या सीटवरून, मान न वळवता विचारलं.

सीताने आपला हात धाकूच्या पावलावर ठेवला. ते गार पडत चाललं होतं.