खाली उतरलेलं 'सावधान'

खरं तर कुणाविषयी लिहिण्याचा माझा अधिकार नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं, आणि गाण्यातलं तर मला काहीच कळत नाही. हे दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. चुकलं तर सांभाळून घ्या.

विश्रांतवाडीत पिठाच्या गिरणीवर मी खोली घेतली होती. शेजारच्या खोलीत एका गृहस्थांचा रेकॉर्डिंग स्टुडिओ; मी त्यांना काका म्हणे. असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. गाणारा सुरातून घसरला की ते चष्मा कपाळावर ढकलत आणि म्हणत, "असू द्या. पुढं चला." गाणाऱ्याला वाटे, सुटलो.

गिरणी दुपारी एक ते चार बंद, म्हणून रेकॉर्डिंग तेवढ्याच वेळात. चारला खाली पट्टा फिरू लागला, भिंती थरथरल्या, की काका कॉम्प्युटरपुढे दुरुस्तीला बसत.

मला त्याचं फार कुतूहल. पडद्यावर आवाजाची वाकडीतिकडी रेघ दिसे. घसरलेला सूर ते माउसनं धरून अलगद वर नेत.

"काका, मग हे गायलं कुणी?"

"त्यांनीच. मी फक्त हात दिला."

एकदा हिंजवडीच्या कंपनीतला एकजण आला. बायकोच्या वाढदिवसाला गाणं हवं होतं. "सर, ते रोबोटसारखं करा ना, एकदम फुल्ल!" काकांनी सूर दुरुस्त करायचा वेग पडद्यावर शेवटपर्यंत वाढवला, तसा प्रत्येक सूर झटक्यात जागेवर जाऊ लागला. आवाज जिन्यावरून उड्या मारल्यासारखा ऐकू येऊ लागला. गडी खूश. तो गेल्यावर काका म्हणाले, "छान झालं. आता बायकोनं ओळखला म्हणजे मिळवली."

मग त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं. काकूंना जाऊन सहा वर्षं झाली होती. पुतण्याच्या लग्नात त्यांनी म्हटलेल्या मंगलाष्टका एका कॅसेटवर होत्या. मुलीला आपल्या लग्नात त्याच हव्या होत्या. फक्त प्रत्येक कडव्याअखेरचं 'सावधान' काकूंचं खाली उतरे. त्यावरून सगळे नातेवाईक त्यांना चिडवायचे. काकांनी ते दुरुस्त केलं आणि मला हाक मारून आधी कॅसेट, मग दुरुस्त केलेलं, असं दोन्ही ऐकवलं.

"अहो कॉलेजवाले, कुठलं लावू? खरं सांगा."

माझं मत असं कुणी कधी विचारलं नव्हतं. मी प्रामाणिकपणे म्हणालो, "दुसरं."

"हं. सुरात आहे खरं." त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला. पण 'पुढं चला' म्हणाले नाहीत.

लग्नाआधीच नोकरीसाठी मला बंगळूरला जावं लागलं. तिथं एखादं गुळगुळीत, सुरातलं गाणं कानावर पडलं की माझं उत्तर आठवे. त्या मुलीची आई आपण पुसून टाकली का, असं वाटे. विचारायचा धीर झाला नाही.

परवा गिरणीवाल्या मामांना फोन केला. स्टुडिओ बंद करून काका मुलीकडे राहायला गेल्याचं कळलं. शेवटी मी लग्नाचं विचारलंच.

"अरे, कॅसेटच लावली की! 'सावधान' घसरलं तशी पोरगी अंतरपाटाआड खुदकन हसली. व्याही म्हणाले, 'अहो, एवढं मशीन घरात, आणि घरचीच चूक राहिली?'"

"मग काका?"

"म्हणाले, 'राहिली नाही. ठेवली.'"