बटाटी जेवेपर्यंत

बंगळुरातल्या यशवंतपूरच्या कांदा-बटाट्याच्या मार्केटात पोत्यांवर ब्रशने लॉटचे नंबर घालण्यात खंडोजीरावांची एकतीस वर्षं गेली. एवढ्या वर्षांत त्यांना दुपारचा डबा खाताना कुणी पाहिलं नाही. बारा वाजले की ते पोत्यांच्या थप्पीमागे जायचे आणि दहा मिनिटांनी तोंड पुसत बाहेर यायचे. डब्यात काहीतरी भारी असणार म्हणूनच माणूस लपवतो, असं हमालांचं ठाम मत होतं. डब्यात रोज चित्रान्न, म्हणजे साधा फोडणीचा भात असे.

त्याच थप्पीमागे त्यांना एक तांबूस कुत्री भेटली. बटाट्याच्या पोत्यांत राहते म्हणून सगळे तिला बटाटी म्हणत. ऑगस्टमध्ये मार्केटातल्या एका टेम्पोखाली तिचा मागचा पाय सापडला. खंडोजीरावांनी तिला डॉक्टरकडे नेलं आणि तिथून, कुणालाही न विचारता, घरी आणलं. कुणालाही न विचारता केलेली त्यांच्या आयुष्यातली ही पहिलीच गोष्ट.

घर होतं तीन मजल्यांचं, आणि तळमजल्यावर होते विश्वासराव. नात्याने चुलतभाऊ, वयाने मोठे, म्हणून घराण्याचे कर्ते. आपलं घराणं चारशे वर्षांपूर्वी तलवार घेऊन बंगळुरात आलं, हे ते पाहुण्याला पाणी द्यायच्या आधी सांगतात. तलवार आता कुठे आहे, ते मात्र सांगत नाहीत.

"खंडू, हे काय?" त्यांनी जिन्यातच अडवलं.

"अण्णा, कुत्री आहे."

"ते दिसतंय की मला."

खंडोजीरावांना वाद घालता येत नाही. पण त्या दिवशी कुठून बुद्धी झाली कोण जाणे. ते म्हणाले, "अण्णा, आपलं कुलदैवत खंडोबा. दरवर्षी चंपाषष्ठीला नैवेद्याचं ताट घेऊन आपण गल्लीभर कुत्र्यांच्या मागे पळतो. गेल्या वर्षी एकानं ताटच पळवलं. घरचं कुत्रं असलं तर बरं नाही का?"

मुद्दा बिनतोड होता. विश्वासरावांना बिनतोड मुद्दे आवडत नाहीत. ते जरा वेळ मिशीवरून हात फिरवत राहिले. "सरी, ठीक आहे," ते म्हणाले. "राहू दे षष्ठीपर्यंत. सगळ्यांसमोर तिनं नैवेद्य खाल्ला, तर ती देवाची. नाही खाल्ला, तर दुसऱ्या दिवशी सकाळी मार्केटात परत."

आपल्याच हुशारीत आपलाच पाय अडकला, हे वर पोचल्यावर खंडोजीरावांच्या लक्षात आलं. कारण बटाटी लोकांसमोर खातच नव्हती. ताट पुढे ठेवलं की ती मान वळवायची, जिभेने नाक चाटायची, जांभई द्यायची आणि जिन्याखाली जाऊन बसायची. त्यांची मुलगी दिव्यश्री इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरीला. तिने मोबाईलवर बरंच वाचून फ्रिजवर एक तक्ता चिकटवला. झोप नसताना जांभई, भीती. भूक नसताना ओठ चाटणं, ताण. डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं, फार ताण. अंग कोरडं असताना झटकणं, ताण उतरतोय.

"अप्पा, तिच्याकडे बघायचं नाही," ती म्हणाली. "आपल्याला वाटतं प्रेमानं बघतोय. तिला वाटतं हे आता काहीतरी करणार."

खंडोजीरावांनी मान डोलावली. हे त्यांना तक्त्यावरून कळायची गरज नव्हती. ते आधीच, रोज संध्याकाळी, जिन्याखाली ताट ठेवून भिंतीकडे तोंड करून बसत होते. पाच-सात मिनिटं गेली की मागून चपचप आवाज यायचा. त्या आवाजाने त्यांना इतकं बरं वाटायचं की ताट रिकामं झाल्यावरही ते तसेच बसून राहायचे.

गरज नव्हती, कारण ते स्वतः दत्तक आलेले. सातव्या वर्षी निपाणीजवळच्या गावातून, दूरच्या नात्यातून. दत्तकविधी झाला आणि नवा मुलगा पहिला घास कसा खातो ते बघायला सगळं गोत भोवती बसलं. पोराला जांभई आली, तर म्हणाले, आळशी दिसतोय. पोराने ओठ चाटले, तर म्हणाले, हावरट आहे. आणि मग नव्या आईने, गोजराबाईंनी, सगळ्यांना स्वयंपाकघराबाहेर काढलं, ताट त्याच्यापुढे ठेवलं आणि चुलीकडे तोंड करून पाठमोऱ्या बसल्या. आपण हिला आवडलो नाही, हे त्या पाठीकडे बघून सात वर्षांच्या खंडूला पक्कं कळलं. पुढे एकावन्न वर्षं त्याने आईचं सगळं केलं. औषधं, दवाखाना, दर सोमवारी देऊळ. फक्त तिच्यासमोर कधी जेवला नाही. उगाच तिला त्रास नको.

षष्ठी उजाडली. चाळीस नातेवाईक जमले. बाजरीच्या जागी नाचणीचे रोडगे, वांग्याचं भरीत, कांद्याची पात. कुत्र्याच्या ताटातला कांदा दिव्यश्रीने वेचून काढला.

"चारशे वर्षं देवाची कुत्री कांदा खात आली," विश्वासराव म्हणाले.

"आणि किती जगली, ते लिहून ठेवलंय का मोठप्पा?" दिव्यश्री म्हणाली. त्यांनी ऐकलं नाही असं दाखवलं.

बटाटीला अंगणात आणलं. येळकोटाचा गजर झाला, भंडारा उधळला, पंधरा-वीस मोबाईल वर झाले. पिवळ्या पडलेल्या बटाटीने जांभई दिली.

"दमली बिचारी," कुणीतरी म्हणालं.

तिने नाक चाटलं. "भूक लागलीय बघा!"

तिने पुढचा एक पाय उचलून हवेत धरला. "आशीर्वाद देतेय!" एका काकूंनी हात जोडले आणि पाठोपाठ चाळीस जणांनी जोडले. इतका घाबरलेला आशीर्वाद त्या घराण्याला आजवर मिळाला नसेल.

ताटाला तिने तोंड लावलं नाही. कुत्रं खाईपर्यंत माणसांनी खायचं नाही, हा रिवाज. एक वाजला, दीड वाजला. पोरं रडायला लागली. विश्वासरावांना साखरेचा आजार, त्यांचे हात कापायला लागले. पण त्यांच्यापुढे मान वळवून बसलेल्या कुत्रीहून जास्त हट्ट त्यांच्यात होता. शेवटी ते म्हणाले, "खंडू, उद्या सकाळी..."

"अण्णा, आपलाच रिवाज चुकतोय," खंडोजीराव म्हणाले. जेवलोय, पोट भरलंय, एवढं सोडून ते कधी खोटं बोलले नव्हते. आवाज त्यांना स्वतःलाच अनोळखी वाटला. "जुन्या काळी ताट ठेवलं की सगळे भिंतीकडे तोंड करून बसायचे. देवाच्या कुत्र्याला खाताना माणसानं बघायचं नाही."

"कुणी सांगितलं तुला?"

कुणीच सांगितलं नव्हतं. खंडोजीरावांनी नाक चाटायचंच बाकी होतं.

विश्वासराव खुर्चीवर बसलेल्या गोजराबाईंकडे वळले. ब्याऐंशी वर्षांच्या, घराण्यात सगळ्यांत वडील. "काकी, असा रिवाज होता?"

गोजराबाईंनी बटाटीकडे पाहिलं. मग खंडोजीरावांकडे.

"होता की," त्या म्हणाल्या.

"कधी? मी तर नाही पाहिला."

"हा आला तेव्हा. तुम्ही सगळे ह्याच्या तोंडाकडं बघत होता, पोराच्या घशाखाली घास उतरंना. मी तुम्हाला बाहेर काढलं आणि चुलीकडं तोंड करून बसले. मग जेवला. मागं आवाज ऐकत होते मी. दोन रोडगे खाल्ले." त्यांनी खुर्चीचा हात धरून स्वतःला वळवून घेतलं. "वळा आता. स्वल्प गप्प बसा."

चाळीस माणसं मोबाईल खिशात घालून भिंतीकडे वळली. विश्वासरावही वळले. खंडोजीरावांच्या डोळ्यांपुढे भिंतीचा निळा रंग ओला होऊन पसरायला लागला. कुत्रीच्या जांभया कळणाऱ्या माणसाला एकावन्न वर्षं एक पाठ कळली नव्हती.

बऱ्याच वेळाने मागून चपचप आवाज आला.

"बघू नकोस," शेजारून गोजराबाई पुटपुटल्या. "अजून खातेय ती."

मग पंगत बसली. पुढच्या वर्षी भिंतीकडे कुणी कुठे बसायचं, त्याच्या जागा विश्वासराव मानाप्रमाणे ठरवू लागले होते. खंडोजीराव सवयीने ताट घेऊन जिन्याकडे निघाले, अर्ध्यात थांबले आणि परत येऊन गोजराबाईंच्या शेजारी बसले. त्यांनी ताट मांडलं आणि ते पाहून गोजराबाईंनी, एकावन्न वर्षांपूर्वीसारखंच, तोंड फिरवलं.

"अम्मा," ते म्हणाले, "इकडं बघ. मी जेवतोय."