दादाच्या शेजारी माझा फोटो

एमआरआयच्या आधी दादाच्या डोळ्यांचा एक्स-रे काढायला घेतला, तेव्हा आई वैतागली.

"त्याला नको ते ऐकू येतं. डोळे कशाला बघतायत?"

मी आत जाऊन विचारून आले. दादा भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशच्या मशीनवर होता. डोळ्यात स्टीलचा बारीक कण राहिला असेल, तर एमआरआयचं चुंबक तो ओढेल, म्हणून आधी तपासतात. हे सांगितल्यावर आई एकदम शांत झाली. "एवढी काळजी घेतात होय," म्हणाली. मग तिने दादाच्या दंडावरचा ताईत स्वतःच्या हाताने सोडला आणि मुठीत धरून बसली.

कॉलेजला जाणारी आमच्या घरातली मी पहिलीच. त्यामुळे हॉस्पिटलमध्ये विचारायचं, समजून घ्यायचं आणि आईला सांगायचं काम माझ्याकडे आलं होतं. खरं तर मलाही अर्धंच कळायचं.

दादाला आवाज ऐकू यायला लागले ते मशीनच्या घरघरीतून. शेठ आणि बाकीचे कामगार आपल्याबद्दल बोलतायत, असं त्याला वाटायचं. मग मशीन बंद झालं तरी बोलणं थांबेना. काम सुटलं. पुढे गोळ्यांनी ते आवाज बरेच कमी झाले, पण त्यांच्याबरोबर दादाचं बोलणंही गेलं. जेव म्हटलं की जेवायचा, झोप म्हटलं की झोपायचा.

आधीचा दादा मला रविवारी बसने उत्तनला समुद्रावर न्यायचा. खिडकीशी मला बसवायचा आणि वाटेतल्या थांब्यांचा क्रम मुद्दाम चुकीचा सांगायचा.

"आता आधी डोंगरी, मग मोरवा."

"आधी मोरवा, दादा!"

"चुकलो, बाई," असं म्हणून तो छडी खायला हात पुढे करायचा. मी त्याच्या तळहातावर चापट मारायचे. मी बारावीत गेले तरी आमचा हा खेळ चालूच होता. चाळीतल्या मुलांच्या चुका मी काढायचे, म्हणून त्याने माझं नाव 'बाई' ठेवलं होतं. आजारी पडल्यापासून त्याने मला त्या नावाने हाक मारली नव्हती.

ज्यांना असे आवाज ऐकू येतात, त्यांच्या मेंदूचे फोटो हॉस्पिटलमधले डॉक्टर संशोधनासाठी काढत होते. सख्ख्या भावंडांचेही काढत होते, शेजारी ठेवून बघायला. म्हणून दादाच्या नंतर मीही त्या मशीनमध्ये जाऊन आले. आत ठकठक आवाज होत होता आणि मी मनातल्या मनात म्हणत होते, माझ्या डोक्यात पण तेच निघालं तर?

बाहेर आल्यावर डॉक्टर मॅडमनी आम्हाला खोलीत बसवलं. त्या माझ्यापेक्षा फार मोठ्या नसतील. म्हणाल्या, "हे फोटो आमच्याकडे राहतीलच. पण दुसऱ्या गावांतल्या, दुसऱ्या देशांतल्या डॉक्टरांनाही अभ्यासाला द्यायचे का, ते तुम्ही सांगायचं. नाही म्हणालात तरी उपचार आहेत तसेच चालू राहतील."

"नाव जाणार?" आईने लगेच विचारलं. "हिचं लग्न व्हायचंय अजून."

"नाव नाही जाणार, मावशी. नंबर जाणार. चेहराही पुसतो आम्ही. कॉम्प्युटरवर ह्या फोटोंतून नाक-डोळे तयार करता येतात, म्हणून."

आईचा जीव भांड्यात पडला. "मग द्या. कुणाला कळायला नको." मूठ उघडून तिने ताईताकडे बघितलं. आणि जरा वेळाने हळूच मला म्हणाली, "गो, पण तिकडच्या कुणाला औषध सापडलं तर? नाव नाय, चेहरा नाय. आपल्याला कळवतील कसं?"

हे मला सुचलंच नव्हतं. मी मॅडमना विचारलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"नाही कळवणार, मावशी. ह्याच्यासाठी वेगळा असा निरोप येणार नाही. खूप जणांचे फोटो एकत्र बघून काही कळलं, तर ते सगळ्यांच्याच कामी येईल. कधी, ते मला सांगता येत नाही."

आईने माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. तिला माझ्याकडून वेगळं काहीतरी ऐकायचं होतं. मलाही तिला वेगळंच सांगायचं होतं.

"मग काय उपयोग," आई म्हणाली.

मॅडम दादाकडे वळल्या. "फोटो तुमचा आहे. तुम्हाला काय वाटतं?"

इतक्या दिवसांत दादाला कुणी असं विचारलं नव्हतं. त्याने टेबलावरचा कागद जवळ ओढला. मग म्हणाला, "त्या फोटोत बोलणं ऐकू येतं?"

"नाही. कुठून येतं तेही अजून नीट दिसत नाही. म्हणून तर खूप फोटो लागतात."

"मग द्या," दादा म्हणाला. आणि माझ्याकडे बोट केलं. "बाईंचा पण द्या. डोकं चांगलं चालतं तिचं. बाजूला ठेवा, फरक कळेल."

मॅडम हसल्या. आईने ताईत तोंडाशी धरला. दादाने आणि मी सह्या केल्या. मला कागद नीट दिसत नव्हता.

त्यानंतरच्या रविवारी मीच दादाला उत्तनच्या बसमध्ये बसवलं, खिडकीशी. आमचे फोटो तेव्हा कुठे गेले असतील, कोण बघत असेल, ह्याचा मी विचार करत होते. तिथे आम्ही दोघं शेजारी असू, पण भाऊबहीण आहोत हे कुणालातरी कळत असेल का? बस सुटली. मी म्हणाले, "आता आधी डोंगरी, मग मोरवा. ना, दादा?"

तो बाहेर बघत होता.

मोरवा गेलं. "चुकले मी," असं म्हणून मी त्याच्यापुढे हात केला. त्याने एकदा हाताकडे बघितलं आणि परत खिडकीबाहेर बघायला लागला. डोंगरी आलं, माणसं उतरली, चढली. मी हात तसाच ठेवला.