मधल्या शेठचं लायसन

आमच्या घरमालकांच्या मधल्या भावाइतका कष्टाळू विद्यार्थी मला माझ्या सबंध मास्तरकीत दुसरा मिळाला नाही. वर्गातली पोरं इंग्रजीच्या तासाला पोट दुखतंय म्हणून घरी जात. हे गृहस्थ पोट खरोखर दुखत असतानाही ओव्याची पुडी हातात घेऊन दिवेलागणीला जिना चढून वर येत, सतरंजीवर मांडी घालून बसत आणि म्हणत, "चला मास्तरसाब, जल्दी करा. काल आपण कमानीपाशी थांबल्तो." तेव्हा त्यांनी पस्तिशी ओलांडली होती, मिशा भरघोस होत्या, पदरी तीन मुलं होती आणि बाजारात सरकीचं चालतं दुकान होतं. सगळं जालना त्यांना मधले शेठ म्हणे. मीही तेच म्हणत असे.

निजामावरच्या पोलीस कारवाईनंतर एक-दोन वर्षांनी मी केदारखेड्याची शेती भावाच्या हवाली करून जालन्याच्या शाळेत मास्तर म्हणून आलो आणि या मारवाडी कुटुंबाच्या घरात वरची खोली भाड्यानं घेतली. त्यांना राजस्थान सोडून इतक्या पिढ्या झाल्या होत्या की राजस्थान कुठे आलं असं विचारलं तर थोरले शेठ नुसतं स्टेशनाकडे बोट दाखवत. मधले शेठ घरात मारवाडी बोलत, बाजारात मराठी बोलत, हिशेब मोडीत लिहीत, आणि शाळा उर्दूत झालेली असल्यामुळे रागावत ते उर्दूत. इंग्रजी त्यांना फक्त तारेपुरती येत होती; भाव चढला, भाव पडला, ताबडतोब निघा. आणि त्यांनी मनावर घेतली होती ती बांधकामाच्या लायसनची परीक्षा. शहरात घर बांधायचं तर नकाशावर लायसनवाल्याची सही लागे, आणि ते लायसन हवं तर हैदराबादेला जाऊन लेखी, नकाशाची आणि तोंडी अशा तिन्ही परीक्षा द्याव्या लागत, त्याही इंग्रजीत. म्हणून मी.

पाठांतर ते आंघोळ करताना करत. पाया म्हणजे काय, याची इंग्रजी व्याख्या गल्लीतल्या दूधवाल्यालाही पाठ झाली होती. पण नुसत्या पाठांतरावर त्यांचा विश्वास नव्हता. चांगली वीट कमरेइतक्या उंचीवरून टाकली तर फुटत नाही, दोन विटा एकमेकींवर वाजवल्या तर खणखणीत आवाज येतो, नखानं ओरखडा उमटत नाही आणि पाण्यात ठेवली तर ती फार पाणी पीत नाही, हे मी त्यांना पुस्तकातून समजावून सांगितलं, त्या आठवड्यात नेमक्या त्यांच्याकडे जेवायला बाट्या, म्हणजे कणकेचे भाजलेले गोळे, होत्या. पंगतीत बसल्या बसल्या मधल्या शेठनी दोन बाट्या कानाशी नेऊन वाजवल्या, एकीवर नख ओढलं, एक वरणात बुडवून किती फुगते ते पाहिलं आणि शेवटी उभं राहून एक बाटी कमरेवरून फरशीवर सोडली. बाटी फुटली नाही. "भाभी, अव्वल नंबर!" ते आनंदानं ओरडले, "या मालावर दोन मजले बिलकुल चढतील!" भाभींनी, म्हणजे थोरल्या शेठच्या पत्नींनी, पुढे महिनाभर बाट्या केल्या नाहीत, आणि त्याचं खापर सगळ्या घरानं माझ्यावर फोडलं.

थोरले शेठ देहानं भारी. सकाळी गादीवर बसले की दुपारच्या जेवणापर्यंत हलत नसत. इमारतीचं स्वतःचं न हलणारं वजन म्हणजे डेड लोड आणि येत्याजात्या माणसांचं ते लाइव्ह लोड, हा धडा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी मधल्या शेठनी भरल्या दुकानात गिऱ्हाइकांना सांगितलं, "हे आमचे भाईसाब, दुकानाचं डेड लोड." त्या संध्याकाळी थोरले शेठ माझा जिना चढले. ते वर आल्याचं मला आठवतं ते त्या एकदाच. धाप ओसरल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "मास्तरसाब, ही शिवी हाय का?"

"नाही शेठजी," मी म्हणालो. "घर बांधताना ज्याच्या वजनाचा विचार सगळ्यांत आधी करावा लागतो, त्याला तसं म्हणतात."

त्यांचं समाधान झालं. पुढे कितीतरी दिवस ते व्यापाऱ्यांना स्वतःची ओळख तशीच करून देत.

शेठ मंडळी धाकट्या भावासाठी बदनापूरला मुलगी पाहायला गेली तेव्हा मीही बरोबर होतो. मुलगी चहा घेऊन आली. सगळ्यांनी मुलीकडे पाहिलं. मधले शेठ तिच्या डोक्यावरून खिडकीकडे बघत होते. "या खिडकीवर वजन पेलायला काहीच टाकलं न्हाई," ते म्हणाले, "भिंत फाटून राह्यली." मुलीच्या वडिलांचा चेहरा उतरला. थोरल्या शेठनी भावाला चिमटा काढला. आणि त्या काळच्या रीतीप्रमाणे जिनं मान वर करायची नव्हती ती मुलगी पटकन म्हणाली, "मी कधीपासून सांगून राह्यले बाबांना!" धाकट्यानं तिथल्या तिथे होकार दिला. पुढच्या आठवड्यात मधले शेठ एक गवंडी घेऊन बदनापूरला गेले आणि खिडकीवर भार पेलणारा आडवा दगडी पाट बसवून आले. मुलगी पाहायला आलेल्यांनी घर दुरुस्त करून दिल्याचं ते एकच उदाहरण माझ्या पाहण्यात आहे.

अशा गोष्टी सांगून हसणारे लोक जालन्यात पुष्कळ होते, पण त्यांच्या तोंडावर कुणी हसत नसे. हे वेड कुठून आलं ते सगळ्यांना ठाऊक होतं. परतूरपुढे आष्टीला, बाजाराच्या वाटेवर, या घराण्याची एक मोकळी जागा होती. आठवडी बाजाराला आसपासच्या खेड्यांतून बाया येत, त्यांना घटकाभर टेकायला, मुलाला पाजायला, भाकरी खायला सावली नसे. माँजींच्या, म्हणजे या तिघा भावांच्या आईच्या मनात आलं की तिथे एक ओसरी बांधावी. काम मधल्या मुलानं अंगावर घेतलं. तेव्हा तो जेमतेम पंचविशीचा. कुणाला विचारायचं म्हणजे त्याला कमीपणा वाटे. काळ्या मातीत त्यानं गुडघाभर खोदलं, दगडी खांब उभे केले, वर पाट टाकले आणि पाठ थोपटून घेतली. काळी जमीन मी जाणतो. पावसाळ्यात ती फुगते आणि उन्हाळ्यात फाटते. आमच्या केदारखेड्याला वैशाखात भेगेत काठी घातली तर मूठ तेवढी वर राहते. दुसऱ्या उन्हाळ्यात ओसरीचा एक खांब कलला आणि वरचा पाट खाली आला. खाली फक्त माँजी होत्या. पाण्याचे रांजण भरले की नाही ते पाहायला गेल्या होत्या. जीव वाचला, उजवा पाय मात्र घोट्यापासून चेचला गेला.

हे मला माँजींनीच सांगितलं, मी राहायला आलो त्या पहिल्या आठवड्यात, काठी टेकत, गहू निवडायला बसता बसता. "लेकानं बांधलेलं लेकाच्या आईवर पडलं," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याच्या आईवर न्हाई पडलं. मंग बरंच झालं की न्हाई?" मधले शेठ तिथेच उभे होते. ते दुकानाकडे निघून गेले.

ती ओसरी पुन्हा बांधायची, पण लायसन मिळाल्याशिवाय एक दगड रचायचा नाही, असं त्यांनी ठरवलं होतं.

पहिल्या वेळी हैदराबादेहून परतले ते थेट माझ्या खोलीत आले. पेपर कसा गेला, मी विचारलं. "एक सवाल आल्ता," ते म्हणाले, "काळ्या जमिनीत पाया घेताना कोणती काळजी घ्यावी. तो लिहिला."

"आणि बाकीचे?"

"तोच लिहिला, मास्तरसाब. तीन घंटे."

"अहो, बाकीचे प्रश्न पाहिले तरी का?"

"पाहिले की. पण तो सवाल टाकून फुडं कसं जावं?"

मला रागवायचं होतं, पण जमलं नाही. निकाल काय लागला ते सांगायला नको.

त्यानंतर थोरले शेठ काही कामानं परतूरला गेले असताना एका वकिलानं त्यांना सांगितलं की लायसनचा नियम शहरापुरता आहे. आष्टीसारख्या गावात काहीही बांधा, कुणी विचारत नाही. थोरले शेठ पेढे घेऊनच घरी आले. "अरे, लागतच न्हाई!" अंगणातूनच त्यांनी हाक मारली. "बिलकुल लागत न्हाई! उद्या कामाला लाग!"

मधल्या शेठनी पेढा घेतला, खाल्ला, हात धोतराला पुसला. "सरकारला लागत न्हाई, भाईसाब," ते म्हणाले. "मला लागते."

थोरले शेठ फार संतापले. परीक्षा, हैदराबादचं जाणं-येणं, दुकानाचे बुडणारे दिवस, सगळं बाहेर निघालं. "आई म्हातारी होऊन राह्यली," ते शेवटी म्हणाले. "तू कागद घेऊन येशील आणि बघायला कोण राहील?" मधले शेठ खाली मान घालून उभे. तेवढ्यात माँजी आतून म्हणाल्या, "शिकू दे त्याला. मला कुठं जायची घाई हाय?" दिवेलागणीला ते नेहमीसारखे वर आले. त्या दिवशी आमचा धडा नीट झाला नाही. एकच ओळ त्यांनी चारदा वाचली.

दुसऱ्या खेपेला लेखी सुटली आणि नकाशात गाडी अडली. दुमजली घराचा जिना काढायचा होता. मधल्या शेठनी पायऱ्या इतक्या बुटक्या धरल्या, आणि दुखऱ्या पायाला टेकायला मधे मधे इतके कट्टे ठेवले, की जिना वरच्या मजल्यावर पोचायच्या आधीच कागद संपला. "पायरी उंच घेतली असती तर बसला असता," मी म्हणालो. त्यावर ते म्हणाले, "कागदावर बसला असता, मास्तरसाब. माणूस कसा चढला असता?"

मग राज्यच बदललं. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, हैदराबाद दुसरीकडे राहिलं, आणि आता परीक्षा औरंगाबादला होणार असं कळलं. मधले शेठ घाबरले. "सगळं नव्यानं शिकावं लागन का? वीट तर तीच राहील ना?" मी म्हणालो, वीट तीच, साहेब नवे. त्या वर्षी त्यांनी इतका अभ्यास केला की सरकी मोजताना माप चुकू लागलं, आणि थोरल्या शेठनी त्यांना गादीवरून उठवून खरोखरच घरी पाठवलं.

औरंगाबादला मी सोबत गेलो. लेखी झाली, नकाशा झाला. जिना या वेळी वर पोचला. तोंडी परीक्षेला ते आत गेले ते लवकर बाहेर येईनात. आले तेव्हा डोळे लाल होते. परतीच्या गाडीत बदनापूर गेल्यावर ते आपणहून बोलले. साहेबांनी विचारलं होतं, आजवर काय बांधलंत? "मी म्हटलं, एक ओसरी. पडली ती. साहेब म्हणे, का पडली? मंग सांगितलं सगळं. इंग्रजीत सुरू केलं, मधेच उर्दू झालं, शेवटी मराठीत आलो. त्यांनी टोकलं न्हाई. त्यानंतर कमानीचे दोन सवाल विचारले, ते दोन्ही चुकले माझे." खिडकीबाहेर बघत ते म्हणाले, "हे बी गेलं, मास्तरसाब."

गेलं नव्हतं. काठावर का होईना, ते पास झाले. कागद घेऊन ते आईपुढे गेले. माँजींना वाचता येत नव्हतं, त्यांनी कागदावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "आता खोद."

आष्टीला मुरूम लागेपर्यंत त्यांनी खोदवलं. थोरले शेठ बघायला आले आणि खड्ड्यात डोकावून म्हणाले, "ओसरी बांधून राह्यला का विहीर?" उन्हाळ्याच्या आधी ओसरी उभी राहिली, साधीच, बुटक्या पायऱ्यांची. समारंभ केला नाही. बाजाराच्या दिवशी माँजींना बैलगाडीतून आणलं. त्या काठी टेकत एकट्या वर चढल्या, खांबाला पाठ लावून बसल्या आणि वाटेवरच्या बायांना म्हणाल्या, "या गं, बसा." आधी एक लाजत आली, मग तिघी-चौघी, मग गाठोडी, पोरं, भाकऱ्या. त्या गलबल्यात माँजींना डुलकी लागली. मधले शेठ बाहेर उन्हात उभे होते, नजर वरच्या पाटावर. मी म्हटलं, सावलीत चला. "माँजींना उठू द्या आधी," ते म्हणाले. माँजी चांगल्या दोन तास झोपल्या. तेवढा वेळ ते तिथून हलले नाहीत.

जालन्यातले कितीतरी लोक मग त्यांच्याकडे नकाशे घेऊन आले. त्यांनी सगळ्यांना चहा पाजून परत पाठवलं. दुसरं काही बांधायचं त्यांच्या मनातच नव्हतं. ते पुन्हा सरकी विकू लागले, आणि चांगली विकू लागले. घरच्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

एका संध्याकाळी मी दिवा लावत होतो, तर जिन्यावर पावलं वाजली. मधले शेठ आत आले, नेहमीच्या जागी सतरंजीवर बसले आणि माझ्याकडे पाहू लागले. मीही पाहत राहिलो. शिकवायला काही उरलं नव्हतं. सरकीचा भाव झाला, पावसाचं झालं, धाकट्याच्या मुलाचं बारसं झालं. "बरं, येतो," म्हणून ते उठले. पुढे कधीमधी येत, मग तेही कमी झालं. दुकान, मुलं, माँजींचं आजारपण. माझी बदली झाली त्या दिवशी स्टेशनावर आले होते. गाडी हलली तेव्हा खिडकीशी चालत चालत म्हणाले, "मास्तरसाब, तिकडं बी कुणी मोठा माणूस शिकायला आला तर न्हाई म्हणू नका."

तिकडे पोरं पुष्कळ आली. मोठं माणूस कुणी आलं नाही. तरी दिवेलागणीच्या सुमारास बराच काळ मी दुसरं काही काम ठेवत नसे.