त्याच्या नावावर मी खेळलो

या लिखाणात नावं नाहीत. माझंही नाही. माझी बायको अख्खा जन्म माझ्यासोबत राहिली, तिनं माझं नाव कधी तोंडातून काढलं नाही, मग मी काहून लिहू? आणि दुसरं एक नाव आहे, ते तर लिहायचंच नाही. ते घेतलं की घरात कोणीतरी ओ देते असं मला वाटते. म्हाताऱ्याचं डोकं फिरलं असं कोणाला म्हणायचं असेल तर म्हणा.

मी फुटबॉल खेळायचो. फॉरवर्ड. मोठा खेळाडू नव्हतो, हे आधीच सांगून ठेवतो. बाप रायपूरला गुढियारीत मालधक्क्यावर हमाली करायचा, अन् मी रेल्वे लाइनच्या बाजूच्या मैदानात अनवाणी खेळून मोठा झालो. पाचवीनंतर शाळा सुटली. रेल्वेच्या टीमसोबत सरावाला जायचो. ते म्हणाले, पायात दम आहे, दहावीचा कागद आण, नोकरी लावू. दहावी कुठून आणू? मग राइस मिलमध्ये मशीनचे पट्टे चढवायचं काम धरलं. हिवाळा आला, धान कापून शेतं मोकळी झाली की गावोगाव टूर्नामेंट सुरू व्हायच्या. ज्यांच्याकडं फॉरवर्ड कमी पडला ते मला घेऊन जायचे. ऐन मिलच्या हंगामात मी पिशवी उचलून निघायचो, मालक शिव्या द्यायचा. शाळेच्या खोलीत पैऱ्यावर, म्हणजे धानाच्या पेंढ्यावर झोपायचं, सकाळी केसांतून धानाची काडी काढायची अन् मैदानात उतरायचं.

लोकांना वाटते फॉरवर्डचं काम पळायचं. पळणं कमी, उभं राहणं जास्त. बॉल जिथं येणार तिथं तुम्ही आधीच उभे पाहिजे. नाही आला तर गप राहायचं. पण आला अन् तुम्ही जागेवर नसले, तर त्याला माफी नाही. एवढीच विद्या मला येत होती.

कोळशाच्या खाणीच्या गावची एक टीम होती. त्यांचा सेंटर फॉरवर्ड दिवाळीच्या आधी कावीळ होऊन गेला. तरणा पोट्टा. टीमची नावं आधीच लिहून गेली होती आणि त्या टूर्नामेंटमध्ये बाहेरचा खेळाडू चालत नव्हता. मॅनेजर रायपूरला आला, मला समोरून पाहिलं, बाजूनं पाहिलं. अंगकाठी तशीच, रंगही तोच. म्हणाला, उसके नाम पे खेलेगा. हे काही नवीन नव्हतं. उसन्या नावावर मी आधीही खेळलो होतो. पण ती जित्या माणसांची नावं होती. ते लोक मैदानाबाहेर बसून विडी ओढायचे अन् माझं नाव खराब करू नको म्हणून दम द्यायचे.

त्याची जर्सी दिली, नऊ नंबर. खांद्यावर कोणीतरी हिरव्या धाग्यानं रफू केलं होतं. बूटही त्याचेच दिले. मला मोठे व्हायचे, पुढं चिंधी कोंबली. मॅच त्यांच्याच गावात होती. मी मैदानात उतरलो तर सगळं गाव गप्प. तो मेला हे सगळ्यांना माहीत होतं, फक्त रेफ्रीला माहीत नव्हतं. त्यानं नाव वाचलं, मी हात वर केला.

हाफ टाइमनंतर बॉल माझ्या डाव्या अंगाला आला. माझा डावा पाय म्हणजे नुसता उभं राहायच्या कामाचा. पण त्या दिवशी तोच पाय चालला, अन् बॉल जाळीत. तो पोट्टा डावखुरा होता हे मला मागाहून कळलं. जाळी हलली तसं गावाचं तोंड उघडलं. बाया, म्हातारे, सगळे त्याच्या नावानं ओरडायला लागले, नाव ओढून ओढून. मी मागं वळून पाहिलं. मागं कोणी नव्हतं.

बक्षिसात बोकड मिळाला. तो संध्याकाळी शिजला, मला तंगडी दिली. पुढच्या हिवाळ्यात परत बोलावणं आलं, त्याच्या पुढच्याही. दुसऱ्या टीमांनी मला तिथं पाहिलं, त्याही त्याच नावानं न्यायला लागल्या. आधी मी खरं नाव सांगायचो, मग थकलो. माझा जो काही नावलौकिक झाला तो त्याचा झाला. जर्सी टीमची होती, त्यांना देऊन टाकली. बूट मात्र खेळ सुटला त्या हिवाळ्यात त्याच्या आईला नेऊन दिले. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. बूट धुतले अन् उन्हात ठेवले, जसा तो उद्या खेळायला जाणार आहे.

पण घरातलं सांगायचं आहे. पहिल्या खेपेला परत आलो तेव्हा बायको माझ्या गुडघ्याला टोरीचं तेल लावत होती. मोहाच्या बियांचं तेल असते ते, त्याचा वास अजून आमच्या गादीला आहे. मी तिला सगळं सांगितलं. आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. ऐकलं का, अहो, नाहीतर भांडं आपटायचं. माझं ऐकून तिला हसू आलं.

"म्हंजे तुमाले हाक माराले आता एक नाव भेटलं," ती म्हणाली. "हे तं तुमचं नाही. मंग घेतलं तं कोनाले पाप लागते?"

अन् दुसऱ्या दिवशी चुलीपासून तिनं त्या नावानं हाक मारली, मैदानातले लोक मारतात तशीच, ओढून. मी म्हटलं, हव. आई दाराशी डाळ निवडत होती. तिचा हात थांबला.

"अवं पोरी, मेलेल्याले घरात नको बलावू. तो आला तं जाईन का मंग?"

बायको म्हणाली, "येऊ द्या. भात हाय."

आई होती तोवर ती दबून हाक मारायची. आई गेली, मग मोकळी झाली. आम्ही बूढापाऱ्यात, तलावाच्या बाजूला, भाड्यानं राहायला आलो तर गल्लीतल्या बायांना वाटायचं तेच माझं नाव. मीही त्यांना कधी सांगितलं नाही. कधी कधी असं व्हायचं की मी मिलमधून घरी यायचो अन् ती विचारायची, आत्ता तं ओ देली होती, मंग कुठं गेले होते? मी तर तेव्हा तलावाच्या काठानं येऊन राहिलो होतो. ती हसायची. मीही हसायचो, पण तिच्यापेक्षा कमी.

मागच्या साली तिलाही कावीळ झाली. त्या पोट्ट्याला नेलं तोच आजार. दवाखान्यात मी तिच्या खाटेजवळचा स्टूल सोडला नाही. एक दिवस सकाळी तिला डोळा लागला होता. सिस्टर म्हणाली, बाबा, चाय पी के आओ, सो रही हैं. मी खाली गेलो. चहा गरम होता. बशीत ओतून, फुंकून फुंकून प्यालो, घाई केली नाही. वर आलो तर खाटेभोवती पडदा ओढला होता.

तिथली आया म्हणाली की अम्मा कोणाला तरी हाका मारत होती. मी विचारलं, कोणतं नाव? ती म्हणाली, ध्यान नहीं दिया, बाबा.

तेव्हापासून हे एकच माझ्या छातीवर बसलं. जाताना लाज राहत नाही म्हणतात, तिनं माझं खरं नाव घेतलं असेल तर? जन्मात एकदा घेतलं अन् ऐकायला मी नव्हतो. की रोजचंच नाव घेतलं? मग त्या हाकेला कोण आलं? दोन्हींतलं कोणतं बरं हेच मला ठरवता येत नव्हतं. भात जात नव्हता. मुलगी भिलाईला असते, ती फोनवर म्हणायची, पापा, यहाँ आ जाओ. मी म्हणायचो, येतो. पण जात नव्हतो.

दवाखान्यात तिच्या बाजूच्या खाटेवर एक छत्तीसगढी म्हातारी होती. तिचा पोरगा गुढियारीत गोदामावर कामाला होता, डबा आणायचा, एवढं मला आठवत होतं. तेरावं झालं अन् मी तिला शोधायला निघालो. माझीच जुनी वस्ती ती, पण आता गल्ल्या ओळखू येत नाहीत. विचारत विचारत घर सापडलं. म्हातारी बरी होऊन खाटेवर बसली होती, डोळ्यांत मोतीबिंदू. तिनं सुनेला चहा टाकायला सांगितलं. मी म्हटलं, चाय नहीं, पानी. चहा मी त्या दिवसापासून पीत नाही.

मी विचारलं, त्या दिवशी तिनं कोणाचं नाव घेतलं होतं? म्हातारीनं थांबून विचारही केला नाही. लगेच सांगितलं. तेच नाव. ओढूनच सांगितलं, जसं ऐकलं तसं.

मी उठायलाच लागलो होतो, तर ती म्हणाली, "और आप तो तुरंत आ गए थे."

"मैं?"

"हव, आप. स्टूल खींच के बैठ गए. जूता पहने थे, खट-खट बज रहा था. मैं सोची, सिस्टर अब चिल्लाएगी." मग म्हणाली, "आप बैठे तो वो चुप हो गई. अच्छे से गई."

मी माझ्या पायांकडं पाहिलं. चप्पल. दवाखान्यातही हीच होती. बूट घालायचं मी केव्हाच सोडलं.

मुलगी म्हणते, बुढ़िया को दिखता नहीं, आप बाद में आए वही बोल रही है. असेल. मी भांडत नाही. पण गुढियारीतून पायी घरी येताना पहिले मला राग आला. एवढा राग की रस्त्यात उभा राहिलो. माझ्या बायकोच्या उशाशी बसणारा हा कोण? मग तलावाजवळ येता येता तो राग बसला. हाक आली तेव्हा मी जागेवर नव्हतो, कोणीतरी होतं. त्याचे बूट घालून मी त्याच्या जागेवर खेळलो, त्याच्या नावाचा बोकड खाल्ला. एक दिवस तो माझ्या जागेवर येऊन बसला तर मी कोणत्या तोंडानं भांडू? ती एकटी गेली नाही. हे मला जड जाते अन् यानंच मला झोप येते, दोन्ही खरं आहे.

हाक अजून येते. दिवा लावायच्या वेळेला, स्वयंपाकघरातून, तिचीच, ओढलेली. ती गेल्यापासून मी ओ देत नव्हतो. दात आवळून बसायचो. ज्याचं नाव त्यानं ओ द्यावी.

काल दिवा लावून राहिलो होतो तर आली. मी म्हटलं, "हव." आम्हा दोघांपैकी कोणाला बोलावलं ते विचारलं नाही. मग उठून तांदूळ धुतले. डब्यातून काढतानाच मूठ सैल सुटली होती, एका माणसाला जास्त झाले. होऊ दे.